अकरा वाजताची थरथर : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रीतसर नोंदी ठेवायच्या, आठ आठवडे. निमित्त गेल्या गुरुवारचं. दुसरा तास संपत आला होता, फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहीत होते आणि छेदातला ८ मला नीट काढता येईना. खालचं वर्तुळ मिटतच नव्हतं. तळहाताला घाम सुटल्यामुळे खडू बोटांतून घसरत होता. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही बसा ना." बसले. कुणीतरी बिस्किटं आणून दिली, गोड चहा आला, दहा मिनिटांत बरं वाटलं. दुपारी एकला पुन्हा तेच.

वर्षभर हे असंच चाललंय आणि मी त्याला "मला भूक सहन होत नाही" एवढंच म्हणत आले. परवा डॉक्टरांकडे गेले. मधुमेह नाही, उपाशीपोटीची साखर ८८, कुठलं औषध चालू नाही, पोटाची शस्त्रक्रिया कधी झालेली नाही. डॉक्टर म्हणाल्या, "माझी शुगर लो होते असं सांगणारे खूप येतात. तुम्ही मला आकडा आणून दाखवा." त्यासाठी तीन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात: त्रास होतोय, त्याच वेळी मोजलेली साखर कमी आहे, आणि साखर वर आल्यावर तो त्रास जातोय. हे त्रिकूट ॲलन व्हिपल या अमेरिकन सर्जननी १९३० च्या दशकात मांडलं. स्वादुपिंडात इन्सुलिन (रक्तातली साखर उतरवणारं संप्रेरक) बनवणारी गाठ असलेले रुग्ण नेमके ओळखून मगच शस्त्रक्रिया करावी, हा त्यामागचा हेतू. गाठीचा संशय नसला तरी आजही निदान याच तीन पायऱ्यांनी करतात.

सामान: ग्लुकोमीटर (बोट टोचून रक्तातली साखर मोजणारं यंत्र), त्याच्या पट्ट्यांच्या दोन डब्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा, ही वही. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर.

४ फेब्रुवारी

मूळ स्थिती. नेहमीचाच नाश्ता, काहीही न बदलता: साखर लावलेले कॉर्नफ्लेक्स, दूध, एक केळं, ग्लासभर फळांचा रस.

८.०० ला ९१. ९.०० ला १६८. १०.०० ला ११२. १०.५० ला ५३.

५३ चा आकडा पाहताना हात थरथरत होता, छातीत धडधडत होतं, ओठांभोवती मुंग्या येत होत्या. ग्लुकोजच्या चार गोळ्या चघळल्या. पंधरा मिनिटांनी ८४ आणि सगळं शांत. तिन्ही अटी एकाच सकाळी पूर्ण झाल्या. मधुमेह नसलेल्या माणसात ५५ च्या खालचा आकडा आणि सोबत लक्षणं असतील तर ते खरं मानतात. मला रडू आलं, कारण वर्षभर जे होत होतं ते मनाचे खेळ नव्हते.

आणखी एक गोष्ट वहीत मांडल्याशिवाय दिसली नसती. मी कायम ५३ च्या क्षणाकडे बघत आले, १६८ कडे कधीच नाही.

६ फेब्रुवारी

आज दोनदा फसले.

दुपारी चारला थरथर. ठरलेलंच आहे असं समजून गोळी तोंडात टाकणार, तेवढ्यात मोजलं तर ८६. साखर अगदी ठीक होती. उपाशीपोटी घेतलेली दोन कप कॉफी, रात्रीची अपुरी झोप आणि वर्गातला गोंगाट, एवढंच. न मोजता गोळ्या खाल्ल्या असत्या तर बरंही वाटलं असतं आणि "शुगर लो झाली होती" अशी खोटी नोंद पडली असती.

संध्याकाळी १४३. हा आकडा कुठून आला म्हणून आठवत बसले तर लक्षात आलं, नुकतंच संत्रं सोललं होतं. हात साबणाने धुतले, पुसले, पुन्हा बोट टोचलं: ७९. बोटाला लागलेला रस मीटर इमानाने मोजतो. यापुढे हात धुतल्याशिवाय एकही आकडा वहीत नाही.

मीटरच्या मर्यादेचीही नोंद असू दे. मान्यताप्राप्त मीटरला १०० च्या खाली १५ पर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा असते. म्हणजे ६२ दिसलं तर खरा आकडा ५० असू शकतो किंवा ७५. शंका आली की दोनदा मोजायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

निवांत वाचन. एक गोष्ट मनात घर करून बसली: मोठ्या माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी जेमतेम ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असतं. चहाचा एक चमचा साखर. आणि मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम वापरतो. त्या एका चमच्याचा साठा दिवसरात्र कमी होत असतो, भरला जात असतो, आणि ते काम यकृत करतं.

शरीराची राखणही थरांथरांची आहे. साखर ८० च्या आसपास उतरली की इन्सुलिन आवरतं घेतलं जातं. ७० च्या खाली साखर वाढवणारी संप्रेरकं, ग्लुकॅगॉन आणि ॲड्रेनलिन, धावून येतात. थरथर आणि धडधड त्या ॲड्रेनलिनची, घाम आणि भूक त्याच वेळी जाग्या झालेल्या मज्जातंतूंची, म्हणजे धोक्याची घंटा. त्याहून खाली मेंदूच उपाशी राहतो: शब्द सुचत नाही, डोळ्यांपुढे अंधुक होतं, सोपं गणित चुकतं. माझा तो ८ न मिटणं बहुधा याच दुसऱ्या टप्प्यातलं.

या त्रासाची ओळख इन्सुलिनमुळेच पटली. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं. पुढे इन्सुलिन जास्त झालेल्या रुग्णांची तडफड डॉक्टरांनी पाहिली, आणि मधुमेह नसलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या काही जणांतही हुबेहूब तेच दिसतंय हे सील हॅरिस या अमेरिकन डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी ते १९२४ मध्ये लिहून ठेवलं. माझ्या थरथरीला शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालं होतं, हे वाचून फार आधार वाटला.

१० फेब्रुवारी

आधी तातडीचा उपाय दुरुस्त केला. माझी जुनी रीत: बिस्किटं, गोड चहा, चॉकलेट, जे हाती लागेल ते, थरथर थांबेपर्यंत. चूक दोन्हीकडून होती. चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, तोवर माणूस आणखी दोन तुकडे खातो. मग एवढं गोड एकदम पोचतं की इन्सुलिन पुन्हा उसळतं आणि दोन तासांनी दुसरी घसरण. गुरुवारची एक वाजताची थरथर ही अकराच्या बिस्किटांची होती.

आता पंधराचा नियम. १५ ग्रॅम झटपट साखर, १५ मिनिटं थांबणं, पुन्हा मोजणं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. १५ ग्रॅम म्हणजे ४ ग्रॅमच्या ग्लुकोजच्या चार गोळ्या, नाहीतर अर्धा कप फळांचा रस, नाहीतर एक मोठा चमचा साखर पाण्यात. आकडा वर आला आणि जेवायला अजून अवकाश असेल तर मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं, म्हणजे पुढचा रस्ता सपाट राहतो.

ती पंधरा मिनिटं फार लांब वाटतात. शरीर ओरडून सांगत असतं, खा, आणखी खा. घड्याळाकडे बघत बसते.

नवऱ्याला एक गोष्ट बजावून ठेवली: मी शुद्धीवर नसेन तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.

१३ फेब्रुवारी

नाश्ता बदलला. जाड ओट्स दुधात शिजवून, दोन अंडी, एक अख्खं सफरचंद. रस बंद.

९०, १२८, १०९. आणि १०.५० ला ८२.

फळ्यासमोर उभी होते. काहीच झालं नाही. वर्षभरात पहिल्यांदा अकराची घंटा वाजली आणि मला ती फक्त ऐकू आली.

१६ फेब्रुवारी, रविवार

ओट्समुळे जमलं असा निष्कर्ष काढायच्या आत उलटतपासणी. आज तेच ओट्स वजन करून, पण झटपट होणारे, बारीक केलेले, वर मध, आणि अंडी नाहीत. तासाभराने १५७, पावणेतीन तासांनी ६१ आणि थरथर.

धान्य तेच, पण दाणा फोडून त्याचं पीठ केलं की पोटाचं काम आधीच होऊन जातं. १९८१ मध्ये टोरोंटो विद्यापीठात डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स मांडला, म्हणजे कुठलं अन्न रक्तातली साखर किती चढवतं याचं माप, ग्लुकोजला १०० धरून. त्यात मसूर तिशीच्या आसपास येतो, पांढरा ब्रेड सत्तरीच्या पुढे. तक्ता पाठ करण्यापेक्षा मला एक सोपी खूण सापडली: जेवढं चावावं लागतं तेवढं ते सावकाश चढतं. रसापेक्षा फळ, पिठापेक्षा दाणा.

२० फेब्रुवारी

उत्साहाच्या भरात चूक केली. चार दिवस भात, ब्रेड, फळं सगळं सोडलं. अंडी, पनीर, भाज्या. साखर वर चढणारच नाही तर उतरेल कशी, असा माझा हिशेब. डोकं जड झालं, चिडचिड वाढली, आणि काल संध्याकाळी भरभर चालून आल्यावर गळून गेले: ६४. स्नायू काम करताना रक्तातलं ग्लुकोज इन्सुलिनची वाट न बघता ओढतात, आणि माझ्याकडे शिल्लक फारशी नव्हतीच.

डॉक्टर स्पष्ट बोलल्या. पुढच्या महिन्यात चाचणी आहे, त्याआधी पिष्टमय पदार्थ असे तोडले तर चाचणीच चुकेल. आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्यासाठी नवी आखणी करून दिली: प्रत्येक जेवणात ३० ते ४० ग्रॅम पिष्ट, कधीही एकटं नाही. सोबत प्रथिन, सोबत भाजी, आणि दोन खाण्यांमध्ये साडेतीन-चार तासांहून जास्त अंतर नको. त्यांचं वाक्य जसंच्या तसं: "साखरेला शत्रू समजू नका, तिला सोबत द्या."

२४ फेब्रुवारी

सगळ्यात आवडलेला प्रयोग. एकच ताट, दोन दिवस, तंतोतंत वजन करून: शिजवलेला भात १५० ग्रॅम, एक वाटी घट्ट मसूर, एक वाटी शिजवलेल्या भाज्या, दही.

शनिवारी भात आधी, बाकीचं नंतर. काल भाजी आणि मसूर आधी, दहा मिनिटांनी भात. शनिवारी तासाभराने १६१, तीन तासांनी ६६. काल तासाभराने १३२, तीन तासांनी ८०.

ताटातून काही काढलं नाही, काही घातलं नाही, फक्त क्रम बदलला. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून आलेला भात हळूहळू पुढे सरकतो. एकाच माणसावर, एकदाच केलेला प्रयोग आहे हे मला माहीत आहे. पण माझ्यासारख्यांना करता येईल असा याहून सोपा बदल मला दिसत नाही. सोडायचं काहीच नाही, फक्त थांबायचं.

२८ फेब्रुवारी

जेवणानंतर दहा मिनिटं रमतगमत चालते. साखरेचं शिखर थोडं बसकं होतं. जोरकस व्यायाम मात्र उपाशीपोटी नाही, त्याआधी अर्धं केळं आणि थोडे शेंगदाणे.

४ मार्च

दोन आठवड्यांसाठी दंडावर सेन्सर लावला. तो रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे बोटाच्या आकड्यापेक्षा पाच ते पंधरा मिनिटं मागे चालतो. घसरण वेगात असताना एवढा फरक पुष्कळ होतो.

७ मार्च

पहाटे ३.१० ला सेन्सरचा इशारा देत फोन किंचाळला. ५२. नवरा ताडकन उठून दिवा लावून रस आणायला धावला. मी बसले, स्वतःला तपासलं: घाम नाही, धडधड नाही, भूकही नाही. "थांब, आधी बोट," म्हटलं. त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते, पट्टी त्यालाच नीट बसवता येईना. ८९.

सेन्सर असलेल्या कुशीवरच मी झोपले होते. दाबामुळे तिथला द्रवाचा पुरवठा मंदावतो आणि यंत्र खोटी घसरण दाखवतं. कूस बदलली, वीस मिनिटांत रेघ ९० वर. तो पुढचा तासभर जागाच होता, माझा हात हातात धरून.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं बारकाईने विचारून घेतलं, कारण रात्री, उपाशीपोटी साखर खरोखर ५२ होत असेल तर मामला वेगळा. तेव्हा आहाराशी खेळत बसायचं नाही, तपासण्या करायच्या. गाठीचा संशय असेल तर दवाखान्यात देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपास घडवतात. खाल्ल्यानंतर उतरणारी साखर आणि न खाता उतरणारी साखर, या दोन वाटा सुरुवातीलाच वेगळ्या करायला हव्यात. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

१३ मार्च

आईचा फोन. माझ्या प्रयोगांचं कौतुक ऐकून तिनेही सुरू केलं: सकाळचं पिष्ट निम्मं, संध्याकाळचं खाणं बंद. "तुझ्यासारखंच करतेय गं. पण काल जरा चक्कर आली." माझ्या पोटात गोळा आला. आईला मधुमेह आहे आणि ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी घेते, सल्फोनिलयुरिया गटातली. ती गोळी घेऊन खाणं कमी केलं तर साखर उतरणारच, आणि त्यातल्या काही गोळ्यांचा अंमल इतका लांब चालतो की एकदा वर आणलेली साखर काही तासांनी पुन्हा खाली जाते.

त्याच क्षणी मोजायला लावलं: ६८. फोन चालू ठेवूनच अर्धा कप रस, पंधरा मिनिटं, ९५, मग दूध आणि ब्रेड. दुपारी तिच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी गोळीचं प्रमाण बदललं आणि पुढचे दोन दिवस दर चार तासांनी मोजायला सांगितलं. आई रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरही घेते. त्यामुळे धडधड आणि थरथर तिला जाणवतच नाही, घाम तेवढा येतो. म्हणून तिला सांगितलं, कारण नसताना घाम आला की आधी मोजायचं.

आमच्या दोघींची तक्रार एकच, "शुगर लो होते". पण माझी ताटामुळे उतरते, तिची गोळीमुळे. माझी वही तिच्या हाती देऊन चालणार नाही, हे मी तिला आधीच सांगायला हवं होतं. याचं फार वाईट वाटतं.

१५ मार्च

एका सहकाऱ्याने मद्याबद्दल विचारलं. मी घेत नाही, पण उत्तर महत्त्वाचं म्हणून इथे: मद्य पचवण्यात गुंतलेलं यकृत नवं ग्लुकोज तयार करणं मागे टाकतं. रिकाम्या पोटी घेतलं तर काही तासांनी, अगदी झोपेतही साखर उतरू शकते, आणि शेजारच्यांना वाटतं की माणूस नशेत आहे.

२० मार्च

मिश्र आहार चाचणी. नुसतं ग्लुकोजचं पाणी पाजून केलेल्या चाचणीत ठणठणीत माणसांचीही साखर खूप उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी ती टाळली. ज्या खाण्याने त्रास होतो तेच आणा म्हणाल्या. दीड महिन्यांनी कॉर्नफ्लेक्स, केळं आणि रस पुन्हा समोर. पाच तास खुर्चीत, हातात सुई, ठरावीक वेळाने नमुने.

दोन तास पन्नास मिनिटांनी घाम. नर्सताईंनी विचारलं, "शंभरातून सात वजा करत जा." ९३, ८६, ७९, आणि पुढे अडकले. प्रयोगशाळेचा आकडा ५२.

२५ मार्च

अहवाल. खाल्ल्यानंतर उतरणारी साखर, इन्सुलिन उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त येतंय. गाठीची लक्षणं नाहीत. औषध नको, आहार हाच उपचार, वर्षातून एकदा साखरेची तपासणी. कारण काही जणांत ही चढउतार पुढच्या मधुमेहाची आधीची पायरी असू शकते.

३० मार्च, रविवार

आठ आठवड्यांच्या वहीत ७० च्या खालचे, लक्षणांसह, हात धुऊन घेतलेले आकडे नऊ. त्यातले सात पहिल्या तीन आठवड्यांतले, आणि एक मुद्दाम चाचणीसाठी ओढवून घेतलेला. उरलेला एक १८ मार्चचा: सभा लांबली, जेवण दीड तास पुढे गेलं आणि समोर आलेली मिठाई आधी खाल्ली.

पट्ट्या चौदा उरल्यात. त्या जपून, फक्त शंका आल्यावर. ग्लुकोजच्या गोळ्या तीन ठिकाणी: पर्समध्ये, वर्गातल्या टेबलाच्या खणात, पलंगाशेजारी. वर्गातल्या मॉनिटरला त्या कुठे आहेत ते दाखवून ठेवलंय.

एप्रिलमध्ये दोन गोष्टी बघायच्या. बटाटा शिजवून थंड करून खाल्ला तर चढ कमी होतो का, आणि झोप कमी झालेल्या दिवशी तोच नाश्ता वेगळा वागतो का.

जाड ओट्स रात्रीच भिजत घातलेत. अंडी दोन. सफरचंद सकाळी कापेन.